दाढीचा साबण निवडताना : ‘नैसर्गिक’ या शब्दापलीकडे

महिन्याचा बाजार भरताना आपल्या घरांत तांदूळ हातावर घेऊन पाहिला जातो, मसाल्याचा वास घेतला जातो, मटण कोणत्या दुकानाचे हे तर विचारूनच ठरते. साबण आणि दाढीचे क्रीम मात्र रंग, वास आणि जाहिरात पाहून पिशवीत पडतात. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे : ‘नॅचरल’. खोक्यावर एक हिरवे पान असते, कोरफडीचे चित्र असते, कुठे कडुलिंब, कुठे चंदन. नाजूक त्वचेच्या मुलासाठी किंवा नवऱ्यासाठी चार पैसे जास्त मोजून अम्मी ते घेऊन येतात. आठ दिवसांनी मुलाच्या गळ्यावर लाल पुरळ उठते आणि घरात प्रश्न पडतो की नैसर्गिक वस्तूने असे झालेच कसे.

हा प्रश्न फक्त गुळगुळीत दाढी करणाऱ्यांचा नाही. ज्यांनी दाढी राखली आहे त्यांनाही गालावरची आणि गळ्यावरची रेघ साफ करावी लागते, मिशी कातरावी लागते. बगल आणि नाभीखालचे केस चाळीस दिवसांपेक्षा जास्त वाढू न देण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते, आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. बाळाच्या अकीक्याला जावळ काढले जाते, हज-उमऱ्यात पुरुषांचे डोके मुंडले जाते. म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला कधी ना कधी पाते लागते. शिवाय दिवसातून पाच वेळा वजू. पाणी इतक्या वेळा लागणारी त्वचा आधीच कोरडी पडलेली असते. त्यावर कडक साबण आला की तिची सहनशक्ती संपते.

आम्ही शाळेत शिकवतो. आठवी ते दहावीची मुले रोज समोर असतात. गळ्यावर काळे फोड आलेला मुलगा शर्टाची कॉलर वर करून शेवटच्या बाकावर बसतो, फळ्याजवळ यायला टाळतो, स्नेहसंमेलनाच्या फोटोत मागे लपतो. घरच्यांना वाटते की वयाचा परिणाम आहे, जाईल आपोआप. कधी तो जातो, कधी डाग ठेवून जातो. म्हणून हा विषय किरकोळ आहे असे आम्हाला वाटत नाही.

साबण बनतो कसा

‘साबण’ हा शब्दच अरबी ‘साबून’चा भाऊबंद. हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, तेजपत्त्याच्या जातीतल्या लॉरेल झाडाचे तेल घातलेला साबण आणि फिलिस्तीनमधल्या नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण शतकानुशतके बनत आले आहेत. 2024 साली युनेस्कोने या दोन्ही कारागिरींची नोंद मानवजातीच्या वारशात केली. ऑलिव्ह तेलाच्या साबणाला फेस कमी, पण तो सौम्य म्हणून ओळखला जातो.

कोणताही खरा साबण दोन वस्तूंपासून बनतो : तेल किंवा चरबी, आणि अल्कली. तेलात कॉस्टिक सोडा मिसळला की त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. सोडा वापरला तर घट्ट वडी मिळते, पोटॅश वापरला तर मऊ साबण. दाढीचे क्रीम हा मुख्यतः पोटॅशचा मऊ साबण असतो. त्यात बहुधा स्टिअरिक ॲसिड असते, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. थोडा खोबरेलाचा अंश असतो, त्यामुळे फेस पटकन येतो. आणि ग्लिसरीन असते, जे फेस गालावर वाळू देत नाही.

तेव्हा ‘यात अजिबात केमिकल नाही’ असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. व्यवस्थित बनवलेल्या साबणात तो शेवटी कॉस्टिक म्हणून शिल्लक राहत नाही, एवढेच. घरगुती थंड पद्धतीने बनवलेला साबण त्यासाठीच चार ते सहा आठवडे वाळत ठेवतात. उपनगरात अनेक बचत गट आणि घरी उद्योग करणाऱ्या भगिनी सुंदर साबण बनवतात. त्यांच्याकडून घेताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : किती दिवस वाळवला आहे, आणि विक्रीचा परवाना आहे का.

आता त्वचेकडे पाहू. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. खऱ्या साबणाचा पीएच नऊ ते दहा. तेल ऑलिव्हचे असो, खोबरेलाचे असो की चरबीचे, हा फरक राहतोच. निरोगी त्वचा थोड्या वेळात स्वतःला सावरते. नाजूक, कोरडी किंवा इसब असलेली त्वचा तितक्या लवकर सावरत नाही. म्हणून त्वचेचे डॉक्टर अशा रुग्णांना पुष्कळदा साबण नसलेली वडी लिहून देतात. ती दिसते साबणासारखी, पण वेगळ्या पदार्थांपासून बनते आणि तिचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. ती ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जात नाही, तरी नाजूक त्वचेला पुष्कळ ‘नैसर्गिक’ साबणांपेक्षा जास्त मानवते. ही गोष्ट स्वीकारायला थोडी जड जाते, पण उपयोगाची आहे.

कोकणातल्या आपल्या घरांत खोबरेलाच्या साबणाचे कौतुक आहे आणि ते खरेही आहे. तो खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस देतो, म्हणून जहाजावरच्या खलाशांना तो सोयीचा पडत असे. पण जो साबण इतका जोरात मळ काढतो, तो त्वचेवरचा तेलकटपणाही तितक्याच जोरात काढतो. नाजूक गालासाठी निव्वळ खोबरेलाचा साबण योग्य ठरेलच असे नाही. तेच खोबरेल तेल दाढीनंतर दोन थेंब चोळले तर अनेकांना बरे वाटते. वस्तू एकच, पण साबण झाल्यावर तिचा गुण बदलतो.

विक्रोळीची चावी, विलेपार्ल्याचा ग्रामोद्योग

शुद्ध, देशी, वनस्पती तेलाचा साबण ही कल्पना आजच्या जाहिरातींनी आणलेली नाही. तिचा एक मोठा धागा आपल्याच उपनगरातून जातो. घाटकोपरच्या पुढचे स्टेशन विक्रोळी. तिथल्या गोदरेज वसाहतीचे नाव कोणाला माहीत नाही? अर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली लालबागला कुलुपांचा धंदा सुरू केला. पहिले महायुद्ध संपत होते त्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलांपासून बनवलेला साबण बाजारात आणला. त्याचे नाव ‘चावी’. त्या काळी साबण म्हटले की चरबी हे ठरलेले होते. त्यामुळे जैन, हिंदू आणि मुसलमान अशा अनेक घरांत विलायती साबणाकडे संशयाने पाहिले जाई. स्वदेशीच्या दिवसांत या साबणाला मान मिळाला. पुढे रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची जाहिरातीतून प्रशंसा केली. 1940 नंतर पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची जमीन घेतली आणि कारखाने तिकडे गेले.

दुसरा धागा विलेपार्ल्याला आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्य कार्यालय इर्ला भागात आहे. 1956 च्या कायद्याने हा आयोग निर्माण झाला. खाण्यात न येणाऱ्या तेलबियांपासून, म्हणजे निंबोळी, करंज, मोह यांपासून साबण बनवणे हा आयोगाच्या जुन्या ग्रामोद्योगांपैकी एक. बोरिवलीच्या कोरा केंद्रालाही ग्रामोद्योगांच्या प्रशिक्षणाची जुनी परंपरा आहे. आज मात्र बाजारात ‘खादी’ या नावाने अनेक खासगी वस्तूही दिसतात. खोक्यावर खादी लिहिले म्हणजे ती वस्तू आयोगाच्या छत्राखालचीच आहे असे समजू नये. उत्पादकाचे नाव आणि पत्ता वाचावा.

हळदीचा खटला

नैसर्गिक या शब्दाचा घोळ कुठवर जातो, याचे उदाहरण मराठी माणसाच्या एका कंपनीतच सापडते. केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 साली परळला विको सुरू केली. दंतमंजन आले, मग हळदीचे क्रीम आले, दाढीचे क्रीमही आले. उत्पादन शुल्क खात्याने विचारले की हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन. दोन्हींवरचा कर वेगळा होता, म्हणून प्रश्न पैशाचा होता. वाद वर्षानुवर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयात जाऊन कंपनीच्या बाजूने निकाल लागला.

हा निकाल कर किती भरायचा याचा होता. कोणाच्या गालाला काय मानवेल, याचा नव्हता आणि असूही शकत नाही. ग्राहक मात्र ‘आयुर्वेदिक’ हा शब्द वाचून नेमके तेच समजतो. हळद शेकडो वर्षे वापरात आहे आणि बहुतेकांना ती मानवते, पण काहींच्या त्वचेला हळदीचीही ॲलर्जी असते. चंदनाचीही असते. लव्हेंडर, टी-ट्री, लिंबू, पुदिना यांची सुगंधी तेले तर झाडातूनच काढलेली असतात, आणि त्वचेची ॲलर्जी देणाऱ्या गोष्टींत सुगंधांचा क्रमांक फार वरचा आहे. बिब्बा झाडालाच लागतो, पण त्याचे तेल अंगाला लागले की फोड येतात हे आपल्या आजी-दादींना सांगावे लागत नव्हते.

खोक्याची मागची बाजू

पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. अक्षरे बारीक असतात, म्हणून मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावा. मुलांना हे काम द्यावे. त्यांचे इंग्रजी आणि रसायनशास्त्र दोन्ही पक्के होईल.

क्रम पाहा. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांवरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. खोक्यावर कोरफड मोठी रंगवलेली असेल आणि यादीत ती वास आणि रंगाच्या शेजारी, अगदी शेवटी असेल, तर ती नावापुरती आहे असे समजावे.

चरबी पाहा. ‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिले असेल तर तो प्राण्याच्या चरबीचा साबण. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पाम तेलाचा, ‘सोडियम कोकोएट’ म्हणजे खोबरेलाचा, ‘सोडियम ऑलिव्हेट’ म्हणजे ऑलिव्हचा. स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन मात्र झाडापासूनही मिळतात आणि चरबीपासूनही. नावावरून ते कळत नाही. काही खोक्यांवर हिरवा ठिपका असतो. तो वनस्पतीजन्य असल्याची खूण आहे. ठिपका नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारावे. तो क्रमांक खोक्यावर असतो आणि विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. साबण बनताना चरबीचे रूप बदलते, त्याचा शरई हुकूम काय, हा प्रश्न आपापल्या आलिमांना विचारावा. आमचे म्हणणे एवढेच की विचारण्याआधी वस्तूत काय आहे ते वाचलेले असावे.

‘अल्कोहोल’ शब्दाने दचकू नये, पण दुर्लक्षही करू नये. सेटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल, सेटोस्टिअरिल अल्कोहोल ही मेणासारखी घट्ट, तेलकट द्रव्ये आहेत. रसायनशास्त्रातल्या वर्गीकरणामुळे त्यांना ते नाव मिळाले आहे. त्यांचा दारूशी संबंध नाही आणि ती त्वचा मऊच ठेवतात. ‘अल्कोहोल डिनॅट’ किंवा ‘इथाइल अल्कोहोल’ हे मात्र उडून जाणारे स्पिरिट. आफ्टरशेव्हमध्ये ते असते. नाजूक, नुकत्याच तासलेल्या त्वचेवर ते आग करते आणि ती कोरडी पाडते. ते वापरणे जायज की नाही, यावर आलिमांची मते वेगवेगळी आहेत. त्वचेच्या दृष्टीने विचाराल तर नाजूक गालाला त्याची गरजच नाही.

‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’ आणि ‘मेंथॉल’ पाहा. नाजूक त्वचेसाठी हे तीन शब्द नसलेले क्रीम शोधावे. ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ यांतही फरक आहे. पहिल्यात कधी कधी मूळचा वास झाकण्यासाठी दुसरा वास घातलेला असतो. दुसरा शब्द जास्त भरवशाचा, तरी यादी वाचावीच. मेंथॉलने गार वाटते म्हणून आग कमी झाली असा भास होतो.

आंघोळीच्या वडीवर ‘टीएफएम’चा आकडा असतो. साबणात तेलाचा खरा अंश किती, ते तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत तो किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीत 70 आणि तिसऱ्या प्रतीत 60 टक्के असावा लागतो. ‘बाथिंग बार’ असे लिहिले असेल तर त्याचे मानक वेगळे असते आणि त्यात हा अंश 40 टक्क्यांपर्यंत खाली असू शकतो. आकडा मोठा म्हणजे भरताड कमी. पण आकडा मोठा म्हणजे साबण सौम्य, असे मात्र नाही. त्यासाठी बाकीची यादी वाचावीच लागते.

ब्रश, तुरटी आणि स्वयंपाकघरातले उपाय

क्रीम निवडण्यात सगळी काळजी घेतली आणि ब्रश मात्र बघितलाच नाही, असे होते. दाढीच्या ब्रशचे केस पूर्वीपासून बॅजर नावाच्या प्राण्याचे किंवा डुकराचे असत. आजही असे ब्रश मिळतात आणि खोक्यावर ‘बोअर’ किंवा ‘ब्रिसल’ असे लिहिलेले असते. आपल्या घरांसाठी नायलॉनचा मऊ ब्रश सर्वांत सोपा. तो लवकर वाळतो आणि धुवायलाही सोयीचा. फार नाजूक त्वचा असेल तर ब्रश बाजूला ठेवून बोटांनीच क्रीम लावावे.

सलूनमधली तुरटी जुनी आणि स्वस्त. ती रक्त थांबवते, छिद्रे आवळते. रोजच्या रोज घासली तर त्वचा कोरडी पाडते. जिथे कापले असेल तिथेच ओली करून टेकवावी. एकच खडा दहा गिऱ्हाइकांच्या गालावरून फिरतो, तो आपल्या गालावर फिरू देऊ नये. घरची तुरटीही प्रत्येकाची वेगळी असावी. पाते नवे आहे का, हे तर डोळ्यांदेखत पाहावे. कावीळ आणि एचआयव्ही दोन्ही रक्तातून पसरतात, आणि हे विचारण्यात सलूनवाल्याचा अपमान नाही.

लिंबू दाढीनंतर कधीही लावू नये. आग तर होतेच, वर उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात. जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता गालावर चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. तीही सोडावी. कुंडीतली कोरफड वापरायची तर पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, पिवळा चीक निथळू द्यावा आणि आतला स्वच्छ गर तेवढा घ्यावा. खाज त्या चिकानेच सुटते. बेसन आणि मुलतानी माती तेलकट त्वचेला चालतात. दाढी केलेल्या त्याच दिवशी त्यांनी चेहरा घासणे म्हणजे खरवडलेल्या जागेवर पुन्हा खरवडणे.

टँकरच्या पाण्याचा प्रश्न

कित्येक घरांत क्रीम बदलून बदलून लोक थकतात आणि दोष निघतो पाण्याचा. मुंबईला महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर अशा तलावांतून येते. ते बऱ्यापैकी मऊ असते. पण अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेक सोसायट्यांत वापराच्या नळाला बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी सोडले जाते. ते बहुधा जड असते. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतो. तो बादलीच्या कडेला दिसतो, तसाच गालावरही बसतो. मग फेस येत नाही म्हणून आणखी साबण, आणि त्वचा आणखी कोरडी.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पिण्याच्या नळाचे पाणी, दुसरीत न्हाणीतल्या नळाचे. दोन्हीत आंघोळीच्या खऱ्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून एक मिनिट जोरात हलवा. भांड्याचा लिक्विड साबण नको, त्याने फरक कळत नाही. जिथे भरपूर फेस आला आणि पाणी साधारण स्वच्छ राहिले, ते मऊ पाणी. जिथे फेस बेताचा आणि दह्यासारखे कण तरंगू लागले, ते जड. हा प्रयोग आम्ही वर्गात करून घेतो. मुलांना तो घरी करण्यात विशेष गंमत वाटते. पाणी जड निघाले तर दाढीपुरते एक तांब्या पिण्याच्या नळाचे पाणी घ्यावे. वडी किंवा क्रीम महाग घेण्यापेक्षा हा उपाय फुकटातला आहे.

एहरामचा साबण

बिनवासाचा साबण कुठे मिळेल, असे पुष्कळ भगिनी विचारतात. उत्तर आपल्या जवळच आहे. एहरामच्या अवस्थेत सुगंध वापरायचा नसतो, म्हणून हज-उमऱ्याचे सामान विकणाऱ्या दुकानांत बिनवासाचे साबण ठेवलेले असतात. नाजूक त्वचेसाठी डॉक्टर जी पहिली गोष्ट सांगतात, ती त्या दुकानात वेगळ्याच कारणाने उपलब्ध असते. औषधाच्या दुकानांतही बिनवासाच्या वड्या मिळतात, मात्र किंमत जास्त असू शकते. यादी दोन्हीकडे वाचावी.

उमऱ्याला जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. नवे क्रीम, नवा साबण निघण्याच्या आदल्या दिवशी उघडू नये. तिकडची कोरडी हवा, उन्हात चालणे आणि डोके मुंडणे हे सगळे एकाच वेळी येते. घरी पंधरा दिवस वापरून पाहिलेलाच साबण बरोबर न्यावा. डोके मुंडून झाल्यावर टोपी किंवा छत्री आणि साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर पुरते. एहराम अजून उतरलेला नसेल तर तेही बिनवासाचेच हवे.

अकीक्याच्या वेळी सात दिवसांच्या बाळाचे डोके. तिथे साबणाची निवड हा प्रश्नच ठेवू नये. कोमट पाणी, नवे पाते, सवयीचा हात. वास असलेला साबण, अत्तर आणि जंतुनाशक द्रव यांपैकी काहीच त्या टाळूवर नको.

मुलाची पहिली दाढी

मुलाला पहिल्यांदा पाते हातात घ्यायला शिकवणे ही अब्बांची जबाबदारी आहे, आणि ती बहुतेक घरांत राहून जाते. मुलगा संकोचाने काही विचारत नाही, अब्बांचाच जुना रेझर उचलतो आणि कोरड्या गालावर उलटा फिरवतो. कुरळे, जाड केस असतील तर उलटे तासलेले केस कातडीत परत वळतात आणि तिथेच फोड उठतात. यावर कोणतेही नैसर्गिक क्रीम इलाज नाही. पद्धत बदलावी लागते.

पद्धत सोपी आहे. आंघोळ झाल्यावर दाढी करावी, तेव्हा केस मऊ असतात. क्रीम लावून दोन मिनिटे थांबावे. पाते केस वाढण्याच्या दिशेनेच चालवावे. कातडी ताणू नये, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नये, दर ओढीनंतर पाते पाण्यात धुवावे. पाच-सात वेळा वापरल्यावर पाते बदलावे. शेवटी गार पाणी, टॉवेलने टिपणे आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर. रेझर प्रत्येकाचा स्वतंत्र असावा, बापलेकांतसुद्धा. फोड येतच असतील तर काही आठवडे पाते बंद करून ट्रिमरने केस थोडे लांब ठेवावेत. दाढी राखण्याची इच्छा असलेल्या मुलाला तर ही चांगलीच सबब आहे. राखलेल्या दाढीखालची त्वचाही सौम्य साबणाने धुवून नीट वाळवावी. वजूनंतर दाढी दमट राहिली की पावसाळ्यात तिथे खाज सुटते.

नवे क्रीम आणले की ते लगेच चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा लावावे. दाढीचे क्रीम एरवी जितका वेळ राहते, तितकाच वेळ ठेवून धुवावे. सात ते दहा दिवस काही झाले नाही तर गालावर वापरावे. एका वेळी एकच नवी वस्तू. साबण, क्रीम आणि आफ्टरशेव्ह एकाच दिवशी बदलले तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

सर्वांत घातक ट्यूब

या सगळ्यात खरा धोका क्रीमचा नाहीच. पुरळ उठले की मुलगा औषधाच्या दुकानात जातो, काउंटरवरचा माणूस एक ट्यूब देतो आणि दोन दिवसांत लाली गायब होते. मग ती ट्यूब घरात फिरते. अम्मी चेहऱ्याला लावते, दादा गजकर्णाला लावतो. त्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या हातात ते उपयोगी औषध आहे. आपल्या हातात त्याने चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे वाढतात, आणि गजकर्ण दबून आतल्या आत पसरते. बंद केले की आग दुप्पट होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. 2018 साली सरकारने अशा अनेक क्रीमना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत टाकले, ते याचसाठी.

पुरळ आठवडाभरात गेले नाही, पू झाला, ताप आला, किंवा घरातल्या मधुमेही माणसाला दाढीत कापल्यावर जखम भरेना, तर ट्यूब न घेता डॉक्टर गाठावा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, जसे विलेपार्ल्याचे कूपर किंवा घाटकोपरचे राजावाडी, थोड्या पैशांत दाखवता येते. जाताना वापरलेल्या सगळ्या वस्तूंची खोकी पिशवीत घालून न्यावीत. डॉक्टरांचे अर्धे काम तिथेच होते.

पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल तेव्हा हिरव्या पानाकडे न पाहता खोके उलटे करा. वास नसलेले, मेंथॉल नसलेले, छोटी यादी असलेले आणि चरबीबाबत आपले समाधान झालेले क्रीम घ्या, लहानात लहान आकाराचे. ते मानवले तर कंपनी, किंमत, जाहिरात कशाचीही पर्वा न करता तेच चालू ठेवा. आणि या महिन्यात मुलाच्या गळ्याकडे एकदा नीट पाहा. तो स्वतःहून दाखवणार नाही.